सोळा रस्ते आणि एक घागर

गोलाईत माणूस रस्ता चुकतो, आणि लातूर पाहायला निघालेल्यानं तो एकदा चुकावाच. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि त्या वर्तुळाला बाहेरून येऊन भिडणारे सोळा रस्ते. पहाटे साडेपाचला शटरं खाली असतात तेव्हा हे सोळाही रस्ते सख्ख्या भावांसारखे दिसतात. आपण आलो तो रस्ता कोणता हे शोधत मी पहिल्यांदा इथं दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीला टपरी उघडणाऱ्या चहावाल्यानं विचारलंच, "काय हुडकायलात, मालक?" गोलाई बघायलोय, म्हणालो. "त्यात बघायचं काय? गोल हाय," म्हणत त्यानं स्टोव्हला पंप मारला.

तिसऱ्या फेरीत नाक कामाला आलं. एका रस्त्याच्या तोंडाशी मिरचीचा ठसका होता. पुढं गुळाचा ओलसर गोड वास, त्यापुढं नव्या चामड्याचा. सराफ्याच्या रस्त्याला वास नसतो; तिथं रात्रीचा पहारेकरी खुर्चीत पेंगत असतो, त्यावरून ओळखायचं. हा बाजार दिवसा मोटारसायकलींच्या धुरात पाहिला तर रस्ते फक्त पाट्यांवरून कळतात. पहाटे पायी आलात तर पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

गंजगोलाई उभी राहिली १९१७ साली. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं तिचा आराखडा केला. लातूर तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. गंज म्हणजे धान्याचा, मालाचा बाजार. तो गोल का केला असेल, याचं उत्तर आराखड्याच्या कागदाआधी भरल्या बैलगाडीनं दिलं असावं असं मला वाटतं. पोत्यांनी भरलेली गाडी अरुंद बाजारात मागं वळवणं ही काय शिक्षा आहे, हे ज्यानं पाहिलंय त्याला वर्तुळाचं महत्त्व सांगावं लागत नाही. औशाच्या वाटेनं आत या, माल उतरवा, अर्धी फेरी मारून दुसऱ्या रस्त्यानं बाहेर पडा. बैलाला मागं सरकायला लावायचं नाही. आज त्याच वर्तुळात रिक्षा, हातगाड्या आणि स्कूटी अडकून पडतात ते बहुतेक उलट्या दिशेनं घुसल्यामुळे.

मालाला इथवर आणलं रेल्वेनं. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट रुंदीची छोटी गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये नेली, आणि वाढत वाढत ती १९११ साली लातुरात पोचली. रेल्वे आली आणि सहा वर्षांत गोलाई उभी राहिली, हा क्रम लक्षात ठेवा. पुढं तो पुन्हा लागणार आहे.

त्याच काळात पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ हिंदुस्थानातली शहरं पायी तुडवत होता. १९१४च्या अखेरीस तो मद्रासला उतरला आणि पुढच्या दहा वर्षांत त्यानं पन्नासेक गावांचे अहवाल लिहिले. त्यांत ठाणं आहे, नागपूर आहे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा तो प्राध्यापक झाला. नकाशावर रेघा मारण्याआधी गल्लीबोळांतून चालायचं, जुन्या विहिरी आणि तळी बुजवायची नाहीत, घरं सरसकट पाडायची नाहीत, असा त्याचा हट्ट. लातूरला तो आला होता असं कुठं वाचलेलं नाही. पण गोलाईत चालताना तो आठवतो, कारण हे शहर गाडीतून पाहिलं तर त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट दिसतच नाही. ती म्हणजे पाणी.

लातूरला कुणी वाळवंट म्हटलं की लातूरकर चिडतो. हिशेबानं त्याचं चिडणं योग्य आहे. वर्षाला अडीचशे मिलीमीटरहून कमी पाऊस पडणारा प्रदेश तो वाळवंट, अशी भूगोलातली ढोबळ व्याख्या आहे. जैसलमेरला दोनशेही पडत नाही. लातूरला सरासरी सातशे ते आठशेच्या आसपास पडतो, म्हणजे जैसलमेरच्या चौपट. तरी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणायची पाळी २०१६ मध्ये आली ती लातूरवर. असं का, हे या प्रकरणात आपण दोन चाकांवर आणि दोन पायांवर शोधणार आहोत.

आधी जुनं गाव. गोलाईचा बाजार शंभर वर्षांचा, गाव मात्र हजाराहून जास्त वर्षांचं. राष्ट्रकूट राजे आपल्या बिरुदांमध्ये स्वतःला 'लट्टलूर' या उत्तम नगरीचे स्वामी म्हणवत; ते लट्टलूर म्हणजे हेच लातूर असं मानलं जातं. पापविनाशक मंदिरातला शिलालेख शके १०४९चा आहे, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या काळातला, आणि त्यात इथं पाचशे विद्वान राहत असल्याचा उल्लेख येतो. कोचिंग क्लासच्या फलकांवर टॉपर मुलांचे फोटो पाहत आपण त्या मंदिराकडं चालत जातो, तेव्हा हा आकडा वाचून हसू येतं. नऊशे वर्षांपूर्वीही हे गाव आपल्या हुशार माणसांची संख्या दगडावर कोरून ठेवत होतं. सिद्धेश्वराचं देऊळ याच जुन्या लातूरचं. महाशिवरात्रीला तिथं मोठी जत्रा भरते. पटेल चौकात सुरतशाहवलींचा दर्गा आहे. या भागात चालताना घरांकडं पाहू नका, घरांच्या मधल्या मोकळ्या जागांकडं पाहा. कुठं लोखंडी जाळी टाकलेला आड, कुठं सिमेंटनं तोंड बंद केलेली विहीर आणि तिच्यावर ठेवलेली कुंडी. जुन्या गावात पाणी घराच्या आसपास होतं. ज्या दिवशी नळ आला त्या दिवशी आडाची काळजी घेणारं कुणी उरलं नाही, आणि नळ रुसला तोवर आडात कचरा पडला होता.

आता सायकल काढू. पायी माणूस तासाला चारपाच किलोमीटर जातो, सायकलनं बारापंधरा. लातूरसारख्या गावाला हा वेग बरोबर बसतो. सकाळी सहाला गोलाईतून निघालं तर ऊन चढायच्या आत शहराची कड गाठून परत येता येतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा नऊनंतर सायकलवर दिसणारा माणूस एकतर नाइलाजानं निघालेला असतो किंवा पुण्याहून आलेला.

शहरात साधी सायकल सहसा सहल करत नाही, ती ओझं वाहते. टंचाईच्या वर्षांत इथली सायकल म्हणजे पाण्याची गाडी होती. हँडलला दोन घागरी, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दोन, दोरीनं किंवा जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. पंधरा लिटरची घागर धरली तर चार घागरींचं साठ किलो. एवढं वजन घेऊन सायकलवर बसता येत नाही. ती हातानं ढकलत न्यायची. ज्या पोरांनी शाळेआधी अशा फेऱ्या मारल्या, त्यांना शहरातला प्रत्येक चढ ठाऊक आहे. महापालिकेच्या नकाशात जे नाही ते त्यांच्या पोटऱ्यांत आहे. मोकळी सायकल घेऊन आपण अंबाजोगाई रोडनं निघालो की अर्ध्या तासात आपल्यालाही एक गोष्ट कळते: जाताना पायडल हलकं आहे. म्हणजे येताना जड असणार. शहर बालाघाटच्या पठारावर, वर बसलंय. मांजरा नदी उत्तरेला काही किलोमीटरवर, खाली वाहते. या शहराला प्यायचं प्रत्येक थेंब पाणी चढ चढवूनच आणावं लागतं. मोटारीत बसलेल्याला हा उतार जाणवत नाही.

वाटेत नव्या वस्त्या लागतात. नावं तीच, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात असतात. पण छपरांकडं पाहत चला. एका घरावर किती काळ्या टाक्या आहेत ते मोजा. जुन्या घरावर एक. नव्या बंगल्यावर दोन, शिवाय खाली जमिनीत हौद. आणि तीनमजली इमारतीवर सहा-सात टाक्या ओळीनं दिसल्या की समजावं, हे मुलांचं वसतिगृह किंवा मेस. दहावी-बारावीच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं इथं शिकायला येऊ लागली. हे शहर सोयाबीन, तूरडाळ आणि विद्यार्थी, तिन्ही मालांचा बाजार आहे असं म्हटलं तर शिक्षक मंडळी रागावतील. पण पाण्याच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे: डाळ आंघोळ करत नाही. जूनमध्ये हजारो मुलं येतात, पावसाच्या भरवशावर. आणि परीक्षेच्या तयारीचे शेवटचे महिने नेमके टंचाईचे असतात.

छपरं झाली की फाटकाजवळची जमीन पाहा. बोअरची टोपी, तिच्याशेजारी दुसरी टोपी, कधी तिसरी. पहिलं बोअर दोनशे फुटांवर लागलं होतं, मग आटलं, दुसरं पाचशेवर, तिसरं कोरडंच गेलं. दारात उभ्या असलेल्या मालकाला विचारलंत तर तो हे आकडे पोरांच्या वाढदिवसांसारखे तोंडपाठ सांगतो. कारण पायाखालचा दगड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. या काळ्या पाषाणात वाळूसारखी पोकळी नसते. वरच्या झिजलेल्या मुरुमात पाणी मुरतं, दगडाच्या फटींत थोडं साठतं. खाली घट्ट खडक. गंगेच्या मैदानात खाली पाण्यानं भरलेली जाड गादी असते. इथं चटई आहे. ती चटई पिळून झाली की आणखी खोल गेल्यानं फार काही हाती लागत नाही, एखाद्या फटीत हजारो वर्षांपूर्वीचं पाणी गवसलं तर गवसलं. तरी बोअरची गाडी रात्रभर धडधडत असते, कारण शेजाऱ्यानं पन्नास फूट जास्त नेलेलं असतं.

आणि ऊस. शहराच्या कडेला पोचलं की रस्त्याच्या एका बाजूला टँकर भरायची जागा आणि दुसऱ्या बाजूला हिरवागार उसाचा फड, असं दृश्य सायकलवरून एकाच नजरेत येतं. उसाला बारा महिने पाणी लागतं. शेतकऱ्यानं तो लावू नये असं शहरातल्या माणसानं सांगणं सोपं आहे. कारखाना ऊस नेतो, ठरलेला पैसा देतो, सोयाबीनला मात्र जाहीर झालेला हमीभाव बाजारात मिळेलच असं नसतं. मी फडाकडं पाहून फार शहाणपण सांगत नाही. फक्त नोंद करतो की दुष्काळी पट्ट्यातलं सगळ्यात तहानलेलं पीक पिण्याच्या पाण्याच्याच खोऱ्यात उभं आहे.

अंबाजोगाई रोडनं पुढं गेलं की मांजरेच्या काठी एक गाव येतं. त्याचं नाव महापूर. २०१६च्या उन्हाळ्यात कोरड्या पात्राशेजारची ही पाटी वाचताना माणसाला हसावं की रडावं कळलं नसेल. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते, सुमारे सातशे चोवीस किलोमीटर वाहत तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. लातूरचं पिण्याचं पाणी येतं ते वरच्या बाजूला, केज तालुक्यातल्या धनेगावला बांधलेल्या मांजरा धरणातून. दुसऱ्या जिल्ह्यात, पन्नासेक किलोमीटर लांब. सलग अपुऱ्या पावसानं ते धरण तळाला गेलं. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणी गर्दीला मनाई करणारं १४४ कलम लावावं लागलं. नळाला पाणी कधी येतं, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा लोक तासांत देत नव्हते, 'अजून आठ दिवसांनी' असं देत.

मग रेल्वे. स्टेशनकडं सायकल वळवा. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टँकर-वाघिणी निघाल्या आणि १२ एप्रिलला पहाटे लातुरात पोचल्या. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पाणी कृष्णेचं. वाघिणी कोट्याच्या रेल्वे कारखान्यात आतून धुऊन आणल्या होत्या. गाडीचं नाव ठेवलं होतं जलदूत. पहिल्या फेरीत साधारण पाच लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या तीन लाख ब्याऐंशी हजार होती. भागून पाहा, माणशी सव्वा लिटरच्या आसपास येतं. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, पंचवीस लाख लिटरच्या. तेव्हाही माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी घागर. शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या, ऑगस्टपर्यंत. स्टेशनजवळच्या विहिरीत पाणी सोडायचं, शुद्ध करायचं आणि मग टँकरनं वस्त्यांत पोचवायचं, असा तो प्रवास.

आता तो मघाचा क्रम आठवा. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर हा मार्ग म्हणजे जुन्या बार्शी लाइटचाच वारसा. कुर्डुवाडी ते लातूर हा तुकडा रुंद झाला तो २००७-०८ मध्ये. अडीच फुटी रुळांवरून पन्नास टँकर-वाघिणी आल्या नसत्या. ज्या रेल्वेनं १९११ मध्ये माल नेण्यासाठी येऊन या कोरड्या पठारावर मोठा बाजार वसवला, तिच्याच वाटेनं एकशे पाच वर्षांनी त्या बाजाराला पाणी आलं. सायकलवरून जुनं रेल्वे स्टेशन आणि नवं स्टेशन एकाच सकाळी पाहिली की ही गोष्ट पायाखाली उलगडते.

जलदूत थांबला आणि सप्टेंबरअखेरीला असा पाऊस पडला की मांजरा धरण भरलं. लोक गाड्या काढून धरणाचं पाणी बघायला गेले, जसे आपण पाहुण्यांना स्टेशनवर आणायला जातो. महापूर गावाच्या पाटीलाही त्या वर्षी काही काळ अर्थ आला.

लातूरहून औसा वीस किलोमीटर, सपाट रस्ता. सायकल दमदार असेल तर तासा-दीड तासाचं काम, वाटेत सुशीला किंवा निलंगा राइस खायला थांबलं तर दोन. औशाचा किल्ला लांबून दिसत नाही. किल्ला म्हटलं की आपण मान वर करतो. इथं खाली करावी लागते. चारी बाजूंनी उंच जमीन आणि मधल्या खोलगटात किल्ला. आतल्या उंच बुरुजावरून दूरवरची फौज दिसे, पण फौजेला किल्ला दिसत नसे. महमूद गावानशी त्याची बांधणी जोडली जाते, म्हणजे बहमनी काळ. भोवती सव्वाशे फुटांच्या घरातला रुंद खंदक. युद्धशास्त्राच्या पुस्तकात या खोलगटाचं कारण लपणं असं दिलेलं असतं. सायकल ढकलत उतरताना दुसरं कारणही सुचतं: पठारावर पाणी खोलगटातच जमतं. आत विहिरी आहेत, हौद आहेत, आणि एक जमिनीखालचं दालन आहे ज्याचं छत म्हणजे वरच्या पाण्याच्या टाकीचा तळ. भर उन्हाळ्यात डोक्यावर पाणी ठेवून बसायची ही सोय पाचेकशे वर्षांपूर्वीच्या माणसानं याच दगडात केली. त्या दालनात उतरल्यावर दारात उभी असलेली एसी गाडी क्षणभर अडाणी वाटते.

औशाच्या पुढं दक्षिणेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची धाबी झोपलेल्यांवर कोसळली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नवी किल्लारी पायी पाहावी. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, घराघरांत अंतर. भीतीतून आखलेलं गाव आहे ते: भिंत पडली तरी शेजारच्यावर पडू नये इतकं मोकळं. जुन्या गावात विहिरीवर जाताना चार घरांशी बोलणं व्हायचं. इथं तेच अंतर तिप्पट झालं, आणि म्हातारी माणसं ओट्यावर बसून लांबूनच हात करतात. इथल्या खेड्यांत उपनगर नावाची गोष्ट अशी आली, एका रात्रीच्या परिणामानं. इथं सायकलची घंटी वाजवू नये, पायीच चालावं.

लातूरच्या चालण्यात इतका वेळ गेला की या प्रकरणातल्या दुसऱ्या शहराला, नांदेडला, थोडकी पानं उरली. त्यात मला अन्याय वाटत नाही. नांदेडचं पाणी दिसतं. त्याला शोधावं लागत नाही. गोदावरी शहराला लागून वाहते, तिच्यावर घाट आहेत, काठावर नंदगिरीचा किल्ला आहे. कोरड्या पठारावरून एकशे चाळीस किलोमीटर येऊन नदीकाठी उभं राहिलं की लातूरमध्ये काय नव्हतं ते अंगाला कळतं.

नांदेडमध्ये चालायचं ते घाटांच्या आणि गुरुद्वाऱ्यांच्या वाटेनं. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथं आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथंच त्यांनी देह ठेवला. ग्रंथसाहिबालाच पुढं गुरू मानावं, असं त्यांनी इथं सांगितलं. नदीकाठी माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबकडं निघाला. बंदा घाट त्याच्या नावाचा. नगीना घाट तिथून जवळच. मुख्य तख्त, सचखंड हजूर साहिब, महाराजा रणजितसिंगांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान बांधलं गेलं. आसपासच्या गल्ल्यांत पगडीवाला दुकानदार गिऱ्हाइकाशी अस्सल नांदेडी मराठीत भाव करतो. ही पिढ्यान्‌पिढ्या इथली झालेली दखनी शीख माणसं. २००८ मध्ये गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याची, तीनशे वर्षं झाली, तेव्हा जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा आला आणि शहराचे रस्ते रुंद झाले. सायकलस्वाराला रुंद रस्ता हे वरदान वाटतं, पण सावली देणारी झाडं अरुंद रस्त्यांनाच जास्त होती. दुपारी कळतं.

सायकल इथं विष्णुपुरीकडं न्यावी. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, काळेश्वराचं देऊळ आणि डॉ. शंकरराव चव्हाण प्रकल्पाचा जलाशय, सगळं एका फेरीत होतं. हा उपसा सिंचन प्रकल्प आहे: धरणातून पाणी उतारानं सोडायच्या ऐवजी पंपांनी वर उचलून शेतांना द्यायचं. नांदेड शहरही याच जलाशयाचं पाणी पितं. म्हणजे नदीकाठच्या शहरालाही पाणी शेवटी वर चढवावंच लागतं, फक्त चढ छोटा आहे आणि नदी डोळ्यांसमोर आहे.

पण नांदेडची खरी पायी फेरी पहाटेची, आणि ती आपली नसते. रोज उजाडण्याआधी तख्त साहिबच्या स्नानासाठी गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात. हे काम करणाऱ्याला गागरिया सिंघ म्हणतात. घाटापासून तख्तापर्यंतचं अंतर चालत पार करायचं, नदी भरलेली असो की आटलेली. मी पाहिलं तेव्हा रस्त्यावर कुत्र्यांशिवाय फारसं कुणी नव्हतं. गागरिया सिंघ झपझप गेले, मागं दोन-चार माणसं. मी सायकल भिंतीला टेकवून बाजूला उभा राहिलो. लातूरहून ती ओळखीच्या टेम्पोत टाकून आणली होती, आणि कॅरिअरला अडकवलेली पाण्याची बाटली तिथल्याच जारमधून भरलेली होती. अजून अर्धी शिल्लक होती.